दुधाची राखण

फुलाबाई : उगी, उगी माझ्या राजा. झालं, सुई कवाच गेली. सिस्टरबाई, तुमी बी जरा बेतानं टोचायचं. दंड केवढा, सुई केवढी.

सुलक्षणा : सुई सगळ्यांना तेवढीच असते, मावशी. नवव्या महिन्याची गोवराची लस आहे, आठ-दहा दिवसांत अंग जरा गरम लागेल, घाबरू नका. आता लगेच निघू नका, थोडा वेळ इथंच बसा. रत्ना, घे त्याला पदराखाली. प्यायला की गप होईल.

रत्ना : द्या आत्या इकडं. ये रे स्वरूप, ये. सिस्टर, एक विचारायचं होतं.

(हिर्डोशीच्या बाजूचं आरोग्य केंद्र, बाहेरचा व्हरांडा. लसीचा वार आहे, पण खाचरांत भाताची निंदणी चालू असल्यामुळे आज गर्दी नाही. रत्ना लेकाला टोचायला म्हणून सासूबरोबर आली खरी, पण लस हे निमित्त होतं. खरं काम वेगळंच, आणि ते सासूच्या देखत काढायचं कसं, या धास्तीनं तिनं वाटभर मूग गिळले होते. सिस्टर सुलक्षणा भोरहून येतात. मधल्या सगळ्या वाड्यांतल्या बाया त्यांना नावानिशी ठाऊक आहेत, आणि कोणती बाई कधी मूग गिळते तेही.)

सुलक्षणा : विचार की. आल्यापासून माझ्याकडे बघतेस आणि मान खाली घालतेस.

रत्ना : मला तांबी बसवून घ्यायचीय.

फुलाबाई : काय?

रत्ना : तांबी, आत्या.

फुलाबाई : ऐकू आलं मला. कवा ठरलं हे?

रत्ना : ठरलं न्हाई. विचारतेय नुसतं.

फुलाबाई : अगं, पाजतीयास न्हवं तू? ह्ये काय, आत्ता पदराखाली चुटूचुटू पितंय. मग तांबी कशापायी? सिस्टरबाई, सांगा हिला. पोर अंगावर हाय तवर दुसरं ऱ्हात न्हाई. दूधच राखण करतं. आमच्या आळीत कुणालाबी इचारा.

सुलक्षणा : विचारायला कशाला हवं? सगळ्यांनी तुमच्याकडूनच ऐकलंय. गेनूची बायको परवा मला हेच सांगत होती. फुलामावशी म्हणाल्या म्हणजे झालं, कागदावर शिक्का मारल्यासारखं.

फुलाबाई : मग खोटं हाय का त्ये?

सुलक्षणा : नाही. खोटं अजिबात नाही.

फुलाबाई : ऐकलंस, रत्ना?

सुलक्षणा : पण मावशी, सगळ्यांना सगळ्या वेळी लागू नाही. तुम्हाला का लागू पडलं, ते आधी बघायला पाहिजे.

रत्ना : आत्यांचं खरंच हाय, सिस्टर. ह्यांना त्यांनी भातलावणीत पाठीशी बांधून नेलं होतं. बांधावर इरलं पालथं घालायचं, त्याच्याखाली लेकरू. रडलं की ओढ्यावर हात धुवायचे, पाजायचं, परत चिखलात. मी यंदा पोर घरी ठेवून लावणी केली, तर दुसऱ्या दिवशी मला जागची उठता येईना. आत्यांनी ते लेकरासकट केलं, आन् वर संध्याकाळी भाकऱ्या थापल्या.

फुलाबाई : पुरे गं. कवतिक कसलं त्यात? समद्याच करत हुत्या. वरचं दूध हुतं कुठं तवा? एक शेळी, ती बी सालातनं सहा म्हैने भाकड. पोर रडलं की छातीशी घ्यायचं, दुसरं अवशीद म्हाईतच न्हवतं.

सुलक्षणा : आणि रात्री?

फुलाबाई : रातचं बी त्येच. कुशीतच असायचं. झोपंत कवा धरायचं, कवा सोडायचं, मला बी कळायचं न्हाई. सकाळी पदर वला असला की समजायचं, प्यालं.

सुलक्षणा : तेच ते, मावशी. सगळी करामत तिथंच आहे. लेकरू ओढतं तेव्हा बाईच्या डोक्यापर्यंत निरोप जातो, की एक जण अंगावर आहे, दुसऱ्याची घाई करू नका. पण हा निरोप घडीघडीला जावा लागतो. दिवसा जातो तसा रात्रीही. तो तुटला, की अंगाला वाटतं बाई मोकळी झाली.

फुलाबाई : आता तुमी सांगितलं म्हणून निरोप म्हणायचं. आमी नुस्तं पाजत हुतो.

सुलक्षणा : म्हणून तर मला नवल वाटतं. घड्याळ नाही, गोळी नाही, कुणी सांगायला नाही. तरी तुमच्या पोरांत बहुतेक तीन-तीन वर्षांचं अंतर. शहरातल्या बायकांना मी हे समजावत बसते, तुम्ही ते बांधावर बसून करून दाखवलंत.

फुलाबाई : मग रत्नाला का न्हाई लागू?

सुलक्षणा : पहिले सहा महिने लागू होतं. तेव्हा हा नुसता आईच्या दुधावर होता, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि हिला पाळीही आलेली नव्हती. हे तिन्ही जमलं तर बहुतेक सगळ्या बायका निभावून जातात. पण सहा महिने झाले, उष्टावण झालं, की त्या राखणीवर भरवसा ठेवायचा नाही.

फुलाबाई : पाळी तर आजून बी न्हाई आली हिची. जोवर इटाळ न्हाई तवर भ्या कसलं?

सुलक्षणा : तिथंच बायका फसतात. बीज आधी येतं, पाळी त्याच्यानंतर. पाळीची वाट बघत बसलेल्या कितीतरी जणींना पाळी आलीच नाही, थेट डोहाळे लागले. पाहुणा माजघरात येऊन बसला आणि मग कुत्रं भुंकलं, तसली ती राखण. रत्ना, आता हा दिवसातून किती वेळा पितो?

रत्ना : सकाळी मी शेतात जायच्या आधी. मग आल्यावर. मग निजताना.

सुलक्षणा : आणि रात्री?

रत्ना : रात्री व्हय?

सुलक्षणा : रात्री उठतो का नाही?

रत्ना : जाऊ द्या ना, सिस्टर. तांबीचं सांगा.

फुलाबाई : आगं, त्यात लपवायचं काय? म्या सांगते. रातचं माझ्यापाशी असतंय त्ये. उष्टावण झालं त्या दिसापासनं म्याच नेते त्याला माझ्या अंथरुणात. निजताना वाटीभर नाचणीचं सत्त्व पाजायचं, खडीसाखर घालून. गपगार निजतंय पहाटपतुर. एखाद येळंला उठलंच तर परत दोन चमचे. हिला हाक बी मारत न्हाई म्या.

सुलक्षणा : का बरं?

फुलाबाई : का म्हंजी? पोट फाडलेली बाई हाय ती. दीस उगवला की चूल, मग खाचर, मग पोर. रातची तरी पाठ टेकू दे की तिची. माझ्या सासूनं मला कवा एक रात झोपू दिलं न्हाई. पोर रडलं की भितीवर हात आपटायची, "गप कर त्याला" म्हणून. म्या तवाच ठरवलं हुतं, माझी सून आली की तिची झोप म्या…

सुलक्षणा : का थांबलात, मावशी?

फुलाबाई : थांबा जरा. म्हंजी रातचा निरोप म्याच तोडला व्हय?

रत्ना : आत्या, म्हणून मी काय बोलत नव्हते.

फुलाबाई : एका तोंडानं सांगते, पाजतीयास तवर काय व्हत न्हाई. आन् दुसऱ्या हातानं पोर उचलून नेते.

रत्ना : तसं म्हणू नका. तुमी नेता म्हणून मी उभी हाय. माझी आई आली होती पंधरा दिवस, ती सुद्धा रात्री मलाच उठवायची. तुमी न्हाई उठवलं. साऱ्या हिर्डोशीत अशी सासू नाही. मला हे बोलायचं म्हणजे तुमच्या उपकाराला नाव ठेवल्यासारखं वाटत होतं, म्हणून गिळून गप्प होते.

सुलक्षणा : रत्ना, नुसतं तांबीचं विचारायचं असतं तर तू एवढी घाबरली नसतीस. आणखी काय आहे?

रत्ना : चार-पाच दिवस झाले, मळमळतंय. चहाचा वास नको वाटतो.

फुलाबाई : अगं बया.

सुलक्षणा : मावशी, थांबा. अजून काही कळलेलं नाही. अमृत घरी शेवटचा कधी होता?

रत्ना : लावणी संपल्यावर शिरवळला गेले ते. तिथं कंपनीचा टेम्पो चालवतात, खोलीवरच राहतात. आता गौरीला येणार.

सुलक्षणा : म्हणजे महिना उलटून गेला. बरं झालं. आता तपासलं तर पट्टी स्पष्ट काय ते सांगेल. घे ही बाटली, मागं संडास आहे. स्वरूपला मावशींकडे दे.

फुलाबाई : आण त्याला. हळू जा, ही उतरायची पायरी शेवाळलीया.

सुलक्षणा : गेली ती. मावशी, पाणी प्या.

फुलाबाई : तुमाला म्हाईत हाय का, हिचं बाळंतपण कसं झालं? घाटात गाडी, गाडीत ही, आन् रगत थांबंना. माझा हात धरून म्हणती, "आत्या, मी मेले तर पोराला तुमीच वाढवा." हितनं भोर, भोरवरनं पुणं. तितल्या मोठ्या डाक्टरनं पोट फाडून दोघं वाचवली. मला बाजूला घेऊन म्हणला, "आजी, तीन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका. टाके आतनं उसवले तर माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाई." म्या व्हय म्हणलं. मनात म्हणलं, त्यात काय, दूध हाय की.

सुलक्षणा : तिनं तुम्हाला विचारलं होतं का कधी, तांबीचं?

फुलाबाई : उष्टावणाच्या दिशीच. म्या हसून उडवून लावलं. अमृतला म्हणली तर त्यो म्हणला, आई सांगंल तसं. आमच्या घरात माझा शबूद मोडत न्हाई कोण. आज वाटतंय, मोडला असता तर बरं हुतं.

सुलक्षणा : मावशी, एक विचारू? तुमचा मानसिंग आणि गोरख, या दोघांत अंतर किती? मला ते नेहमी जुळ्यासारखे वाटतात.

फुलाबाई : ते नका काढू.

सुलक्षणा : बरं.

फुलाबाई : मानसिंग भितीला धरून हुबा ऱ्हाया लागला, तवा गोरख पोटात. आता काढलंच हाय तर ऐका. बाकी समद्यांत अंतर, ह्या दोघांतच न्हाई. लई बोलणी खाल्ली म्या. सासू म्हणायची, "हिचं दूधच पांचट. बायांची दुधं राखण करत्यात, हिचं पाण्यावानी वाहून जातंया." पाणवठ्यावर म्हणायची, चार बायांत.

सुलक्षणा : तुम्ही काय म्हणालात?

फुलाबाई : काय म्हणणार? मला बी तसंच वाटलं. पुढं अमृतच्या येळंला म्या आळीव खाल्लं, डिंक खाल्ला, दूध घट व्हावं म्हणून. त्यो तीन वर्सं प्याला, तवा कुठं माझी मान वर झाली. तवापासनं म्या समद्यांना सांगत सुटले, दूध राखण करतं म्हणून. म्हणलं, माझं बी करतं, बगा.

सुलक्षणा : मानसिंग लहान होता त्या वर्षी तुम्ही शेतातच होतात का?

फुलाबाई : न्हाई. त्या साली धरणाच्या कामावर हुते. माती टाकाया. तिथं पोरं आणू देत न्हवते. मानसिंग घरी, सासूपाशी. ती बोंडल्यानं शेळीचं दूध पाजायची. म्या सांजच्याला यायची, तवर त्यो निजलेला. छाती दगडावानी व्हायची, तिकडं मातीच्या ढिगाआड बसून पिळून टाकायची म्या.

सुलक्षणा : मावशी.

फुलाबाई : काय?

सुलक्षणा : तुम्ही धरणावर आणि लेकरू घरी. ते ओढणार कुणाला? तुमच्या दुधात काही खोट नव्हती. दगडासारखी छाती होत होती म्हणजे दूध चांगलं रग्गड होतं. प्यायला लेकरू नव्हतं जवळ, एवढंच झालं.

फुलाबाई : जवळ न्हवतं. एवढंच?

सुलक्षणा : रडू नका. बाळ बघतंय तुमच्याकडे.

फुलाबाई : पांचट न्हवतं म्हंजी.

सुलक्षणा : मुळीच नव्हतं. कुठल्याच बाईचं नसतं.

फुलाबाई : एवढी वर्सं म्या खाली मान घालून… आन् बोंडलं तर तिच्याच हातात हुतं. आज असती तर तिला हितं आणून बशीवली असती, तुमच्या म्होरं. गेली बिचारी. तिला तरी कोण सांगणार हुतं?

रत्ना : सिस्टर, ही घ्या. आत्या, काय झालं? डोळे का पुसताय? सिस्टर, काय सांगितलं तुमी त्यांना?

सुलक्षणा : काही वाईट नाही. बस तू. हे बघ, या पट्टीवर दोन थेंब. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर दिवस गेलेत. जरा दम धर.

फुलाबाई : रत्ना, हितं ये. माझ्याजवळ बस. हात दे.

रत्ना : तुमचा हात गार पडलाय.

फुलाबाई : पडू दे. सिस्टरबाई, आली का?

सुलक्षणा : एक आलीय. थांबा.

रत्ना : आत्या, दोन आल्या तर?

फुलाबाई : आल्या तर तुझ्याबरबर म्या पुण्याला येते, त्याच डाक्टरकडं. काय करायचं त्ये त्याला इचारू. तू एकटी न्हाईस.

सुलक्षणा : एकच आहे. बघा दोघी. एकच रेघ, स्वच्छ. काही नाही, रत्ना. दिवस गेलेले नाहीत.

रत्ना : नक्की?

सुलक्षणा : नक्की. सकाळी काय खाऊन जातेस शेतात?

रत्ना : चहा.

सुलक्षणा : नुसता चहा, मग दुपारपर्यंत वाकून निंदणी, आणि वर लेकरू अंगावर. मळमळणार नाही तर काय होणार? उद्यापासून भाकरी खाऊन जायचं. मावशी, हे तुमच्याकडे.

फुलाबाई : माझ्याकडंच. ती जेवल्याबिगर उंबरा वलांडायची न्हाई. आन् सिस्टरबाई, ती तांबी. ती बसीवल्यानं दूध आटतं का?

सुलक्षणा : नाही आटत. दुधाचा आणि तिचा काही संबंध नाही. पोरगं हवं तेवढं पिऊ दे, दोन वर्षं पिऊ दे. मला ती बसवायचं शिकवलंय, आजच बसवता येईल. हवी तेव्हा काढताही येते. पण हे रत्नानं सांगायचं.

रत्ना : मी तर सांगितलं मगाशीच. पण आत्या…

फुलाबाई : माझ्याकडं काय बगतीस? घाटात रगत तुझं गेलं.

रत्ना : तुमच्या मनाविरुद्ध मला करायचं नव्हतं. म्हणून एवढे महिने काढले.

फुलाबाई : तीच तर तुझी खोड. दुसरी असती तर गुपचूप येऊन करून गेली असती. तू माझा शबूद राखलास, जीव मुठीत धरून. एवढी मोठी हाईस तू, आन् म्या तुला ल्हान समजत हुते. जा. बसव.

रत्ना : आणि रात्री स्वरूपला? आता परत माझ्याजवळ निजवू का? तुमचा जीव…

फुलाबाई : छ्या. त्यो माझ्याकडंच निजंल. तांबी असल्यावर तुला रातीचं राखणीला बसायची काय गरज? झोप काढ चांगली.

सुलक्षणा : हसू नकोस रत्ना, बरोबर बोलतायत त्या. चल आत.

फुलाबाई : सिस्टरबाई, गेनूच्या बायकूचं पोर केवढं झालं?

सुलक्षणा : सात महिन्यांचं. उष्टावण गेल्या पंधरवड्यात झालं.

फुलाबाई : ती बी माझ्याच भरवशावर बसलीया म्हंजी. आज सांजच्याला जाते तिच्याकडं. जे तोंड बोललं त्यानंच जाऊन सांगाया पायजे. तुमी सांगाल तर ती म्हणंल, फुलामावशीला जास्ती कळतंय.

सुलक्षणा : तुम्ही सांगाल तर साऱ्या वाडीला कळेल. माझं महिन्याभराचं काम वाचेल. आणि पहिल्या सहा महिन्यांचंही सांगा, ते तुमचं खरंच आहे. निम्म्या बाया तिसऱ्या महिन्यातच वरचं दूध सुरू करतात. त्यांना सांगा, तुम्ही बांधावर कसं पाजत होता ते.

फुलाबाई : सांगते. आता माझं मला पुरतं कळलं न्हवं. जावा तुमी दोघी. त्यो माझ्याजवळ हाय.

रत्ना : आत्या, मोबाईल वाजला तर घ्याल का? ह्यांचा असेल. जेवणाच्या सुट्टीत करतात.

फुलाबाई : घेते. तू जा. भिऊ नगंस.

…

फुलाबाई : हॅलो. व्हय, म्याच. ती आत हाय. लस झाली, रडला थोडा. आता निजलाय खांद्यावर. न्हाई रे, तिला काय झालं न्हाई. तांबी बसवून घेतीया. तांबी. व्हय. आरं, वरडू नगंस, कान गेला माझा. मीच म्हणत हुते, म्हाईत हाय. मीच. तवा मला पुरतं म्हाईत न्हवतं, आज कळलं. काय कळलं? त्ये फोनवर सांगायचं न्हाई, गौरीला आलास की सांगते. तुला बी ऐकाया पायजे, आन् गोरखला बी. न्हाई, तुला इचारलं न्हाई. तूच म्हणला न्हवं, आई सांगंल तसं? मग आई सांगतीया. पोरगी लई गुणाची हाय, अमृत. नशिबानं मिळाली आपल्याला. तिला बोलू नगंस काय बी. हां. हां, जेव तू. ठेव आता. दार उघडलं, ती भाईर आली. पायरी शेवाळलेली हाय, मला तिला हात द्यायचाय.